शेवटचे आठ फोटो

सकाळी साडेदहाला लॅबवाले काका धुतलेला रोल बघायला आत गेले. रोल देणारे नवरा-बायको काउंटरला चिकटून उभे होते. पासपोर्टच्या फोटोसाठी मागे थांबलेल्या नर्सबाईंना सगळं ऐकू येत होतं.

“लेक पहिलं पाऊल टाकते आणि तू कॅमेऱ्याचं झाकण उघडतोस?”

“फोटो कसा आला ते बघायला गं!”

“रोलच्या कॅमेऱ्यात? धन्य आहेस! म्हणून म्हणते, रोजच्याला डिजिटलच बरा.”

“त्यात तू दिवसाला चारशे काढतेस. एक तरी परत बघितलास?”

“असतात तरी! जळत नाहीत.”

काका डोकावले. “झाकण लगेच लावलंत?”

“अरे देवा म्हणेपर्यंत!”

“मग उजेड वरच्या वेढ्यांनाच लागला, आतली गुंडाळी वाचलीय. पावलानंतर किती काढलेत?”

“सात. नाही, आठ! पडली, हसली, परत उठली...”

“शेवटचे आठच जळालेत.”

“म्हणजे पाऊल वाचलं?”

“जळलेल्यांच्या आधीच्या फोटोत एक इवला पाय दिसतोय खरा.”

“उचललेला की टेकलेला?”

“ओलं आहे अजून. वाळू द्या. बाई, तुमचा नंबर.”

“माझं राहू द्या हो,” नर्सबाई म्हणाल्या, “आधी पाय बघू.”

निगेटिव्ह वाळायला अजून वीस मिनिटं होती.