भरमाण्णांनी माझ्या पाकिटावर काय लिहिलं

पाच मिनिटांत आटपा, अशी चिठ्ठी आली मघाशी. न्हाय आटपत. ज्यांनी माझ्या पाकिटावर तीनदा 'घेण्यास नकार' लिहिलं, त्यांना शाल घालताना मी गप बसू?

अध्यक्ष पोस्टमास्तर यल्लाप्पा साहेब, वर बसलेले पाव्हणे, आजचे मानकरी, रिटायर होणारे पोस्टमन भरमाण्णा आणि चहाची वाट बघणाऱ्या समद्यांना मालुबाईचा नमस्कार.

भरमाण्णांनी तीस वर्षं टपाल वाटलं, एक कागद हरवला न्हाय. माझा हरवला असता तर लई बरं झालं असतं.

भाचा सूरजनं माझी सही घेऊन शेअरचं खातं काढलं आणि मोबाईलवरच्या एका टोळीच्या हातात दिलं. टोळीनं त्या खात्यावरनं एका शेअरचा भाव फुगवला. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसनं मला नोटीस धाडली, इंग्रजीत. आता आपल्या सीमाभागात रीत काय? कन्नड असो, इंग्रजी असो, मराठीत नसंल तर कागद घ्यायचा न्हाय. मोर्चात तुम्हीच शिकवलंय न्हवं? मी म्हटलं, "भरमाण्णा, मराठीत आणा." ते तीनदा आले, मी तीनदा परत धाडलं. ऑफिसनं धरलं, बाई लपती. माझं न ऐकताच भाव फुगवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव! माझ्या लेकीच्या, रूपालीच्या होणाऱ्या सासूनं ते मोबाईलवर बघितलं. तवापासनं तिकडनं फोन न्हाय.

निपाणीच्या सुविधा वकिलांनी अपील घातलं. मी विचारलं, ऑफिसच्या वर आणि कोण असतंय? म्हणाल्या, "मावशी, नजर ठेवणाऱ्याचीबी चूक हुती. ती तपासायला हे अपिलाचं न्यायाधिकरण. लबाडाला सोडवायला न्हाय. माणसाचं ऐकून घेतलं का, ते बघायला."

सुनावणी मोबाईलवरच झाली. न्यायाधीशांनी विचारलं, पाकीट का परत केलं? मी खरं सांगितलं. ते हसले न्हाईत. म्हणाले, पोस्टमनचं लेखी आणा.

ते पोस्टमन हे बसलेत, गळ्यात हार घालून. मी चारदा गेलते ह्यांच्या दारात. म्हणत्यात, पेन्शन अडकंल. खरं लिहून पेन्शन अडकती व्हय, साहेब? बघा, साहेब न्हाय म्हणून मान हलवाय लागलेत. आता पुढचं निमित्त कुठलं, अण्णा?

इतकं ऐकून घेतलंत, उपकार झाले. जिभेला हाड न्हाय माझ्या. कुणाला लागलं असंल तर माफी करा. पुढची सुनावणी शुक्रवारी हाय. मी मराठी कागदासाठी पाकीट परत केलं, लपले न्हाय, एवढंच तुम्ही लिहायचंय, अण्णा. देणार का न्हाय, ते बुधवारी सांजच्यापर्यंत घरला येऊन सांगा.