भिंतीकडे तोंड केलेला टीव्ही

...आणि नुसता बंद पडला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. तुम्हाला सांगतो, बंद पडलेल्या टीव्हीवर माणूस चादर टाकतो आणि विसरतो. आमचा बंद पडला नाही, रुसला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला! आता टीव्ही तोंड कसं फिरवेल म्हणाल, तर तीच त्याची शान. तुम्ही ज्या खुर्चीत बसाल तिकडे तो आपला आपण वळतो, साहेबांपुढच्या शिपायासारखा. खाली मोटार आहे, आणि कंपनीच्या माणसाशिवाय कुणी त्या मोटारीला हात लावला की वॉरंटी गेली.

घेतला कुणी? सासऱ्यांनी, निवृत्तीच्या पैशातून. सासरे आमच्याकडेच असतात, टीव्हीला ‘स्वारी’ म्हणतात आणि हल्ली रोज संध्याकाळी स्वारीच्या पाठीसमोर बसून बातम्या ऐकतात. चित्र काय, अंदाजाने कळतं म्हणतात. आणि हे कुणाला, तर मला, जन्मभर बातमीदारी केलेल्या माणसाला!

कंपनीला फोन लावला. एक बाई बोलल्या, अगदी मधात घोळून. इंजिनियर कधी येणार, विचारलं. तर म्हणाल्या, “काळजी करू नका सर, कंपनीचं भविष्य उज्ज्वल आहे.”

आता मला सांगा, मी भविष्य विचारलं होतं? मी मोटार विचारली होती! न विचारता कुणी ‘मी नाही त्यातला’ म्हणाला की आमचे कान उभे राहतात. लागलो मागे. कारखान्याला टाळं, पगार थकलेले, कंपनी विकायला काढलेली... आणि घ्यायला येणारा जो तो शोरूममधल्या काळ्याभोर पडद्यात स्वतःचा भांग बघून परत जातोय.

आणि इकडे घरात काय, तर सासऱ्यांनी उरलेली ठेव मोडून त्याच कंपनीचे माणूसभर उंचीचे स्पीकर घ्यायचं ठरवलं होतं. मी समजावलं, हात जोडले. तर म्हणतात, तुम्हा पत्रकारांना दुधातसुद्धा आधी माशी दिसते, माहितीपत्रकात स्वच्छ छापलंय की कंपनीचं भविष्य उज्ज्वल आहे. शेवटी बायको म्हणाली, “अहो, बाबांना तोंडी पटत नाही. छापून आलं की पटतं.”

मग काय, छापूनच आणू म्हटलं. कंपनीची बाजू विचारायला परत फोन केला. तक्रारीसाठी एक दाबा, पत्रकारांसाठी दोन दाबा. दोन दाबलं... त्याच बाई! त्यांनी माझा आवाज ओळखला. हळूच म्हणाल्या, “सर, तुमचा टीव्ही वळत नाहीये ना? उद्याच इंजिनियर पाठवते. बातमीचं तेवढं पुढच्या महिन्यात बघा ना.”

बघा! मोठमोठ्या पुढाऱ्यांनी पाठवलेली पाकिटं मी दारातून परत केली, आणि हे लोक मला एका मोटारीत गुंडाळायला निघाले. खोटं कशाला बोलू, समोर म्हातारा टीव्हीच्या पाठीकडे बघून मान डोलावत होता, क्षणभर जीभ अडखळली. पण नाही म्हणालो. मग तुमचं म्हणणं काय लिहू, विचारलं.

“लिहा,” बाई म्हणाल्या, आवाजातला मध एकदम आटलेला. “कंपनीचं भविष्य उज्ज्वल आहे.”

बातमी पहिल्या पानावर आली, तीही माझ्या नावासकट. सकाळी सासऱ्यांच्या चहाशेजारी अंक ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बातमी वाचली, परत वाचली, अंकाची घडी करून खिशात घातली आणि बाहेर पडले. मी बायकोला म्हटलं, बघितलीस छापील शब्दाची ताकद? बिचारे मन शांत करायला गेले.

दुपारी दारात टेम्पो. दोन हमाल, दोन स्पीकर, आणि पुढे हातवारे करत सासरे.

“जावईबापू, एक नंबर बातमी! कंपनी बुडाल्यावर हे कुठे मिळणार होते? दुकानदारापुढे तुमचा अंकच ठेवला. गप निम्म्या किमतीत दिले.”

मी आपला खाली बसलो. कुठे बसलो विचारू नका, स्पीकरना जागा करायला सोफा बाल्कनीत काढला होता. तेवढ्यात संपादकांचा फोन. बातमीचा काही परिणाम झाला असेल तर सांग म्हणाले, उद्या चौकट टाकू.

“झाला साहेब,” म्हटलं. “तातडीने दखल घेतली गेली. फक्त कुणी घेतली, ते नका छापू.”