अण्णांनी जहाज थांबवलं

चहा घेता घेता आमच्या सासऱ्यांचं, अण्णांचं ऐका. नाशिकजवळच्या मखमलाबादचे, गुलाब पिकवणारे शेतकरी. एकदा घोटीला चहाला उतरले आणि बस त्यांना सोडून निघून गेली, तेव्हापासून प्रवासात त्यांचा कुणावरच भरवसा नाही.

अशा माणसाला आम्ही लक्षद्वीपच्या जहाजावर नेलं. जहाज बेटापासून लांब उभं राहणार, आपण होडीनं किनाऱ्यावर जायचं, दिवसभर पोहायचं आणि संध्याकाळी परतायचं, हा बेत बायकोनं नाशकातच आखला होता.

बेटावर उतरल्यावर अण्णा वाळूत बसले. "तुम्ही पोहा. मी जहाजाकडं बघतो."

दुपारी जहाजाचा भोंगा वाजला. "निघालं!" म्हणून अण्णा अनवाणीच पळाले आणि सुटणाऱ्या होडीत चढले. आम्ही गळाभर पाण्यातून नुसत्या हाका मारत राहिलो.

संध्याकाळी जहाजावर पोचलो, तर अण्णा दारातच उभे. बायको चिडलीच. "अण्णा, अख्खा दिवस वाया घालवलात!"

"वाया? दुपारधरनं त्या कप्तानाला माझ्या हिंदीत गुलाबाचं कलम शिकवत बसलोय. नायतर तो केव्हाच निघाला असता!"