खंडेनवमीचा दोरा

मंडळी, मनातल्या मनात उत्तर द्या. ज्याच्यावर विश्वास आहे, त्याला तपासून पाहिलं — तर तो अविश्वास झाला का?

थांबा, माना हलवू नका! आधी आख्यान ऐका.

शाळेत असताना मी कोकणातल्या एका सरकारी वसतिगृहात राहायचे. पत्र्याचं छप्पर, कुळथाच्या पिठीचा वास, आणि आमच्या अधीक्षिका उमाबाई खानोलकर. आज ते छप्पर नाही, बाई नाहीत. वास मात्र अजून येतो हो!

एके वर्षी स्वयंपाकघरासाठी आग विझवायची नळकांडी घ्यायची ठरली. पलीकडच्या गावचे दुकानदार भालूशेठ तेरसे टेम्पो भरून हजर! नळकांडी कशी? लालभडक! बाईंनी एक उचललं, फिरवून फिरवून पाहिलं. मानांकनाचा शिक्काच नाही!

"शेठ, परत न्या. सरकारी नियम आहे — शिक्का असलेल्यांतच स्वस्त कुठलं ते बघायचं. आणि ताब्यात घेण्याआधी त्यातलं एक चालवून बघायचं."

"बाईनू, माझा चेडू रेवती तुमच्याकडेच रवता. माझ्यार इस्वास नाय?"

"तुमच्यावर आहे. नळकांड्यावर नाही. ते तुम्ही कुठे बनवलंत?"

शेठ दुखावले. दर खंडेनवमीला आमच्या विळ्या-कोयत्यांना झेंडूच्या माळा त्यांच्याच घरून यायच्या. त्या वर्षी आल्या नाहीत! रेवती बाईंशी बोलेना. पण शिक्क्याची नळकांडी आली, अंगणात एक चालवून पाहिलं, मगच बाकीची भिंतीवर चढली.

खंडेनवमीला आम्ही त्यांचीही पूजा केली. हळदकुंकू, फुलं — आणि दांड्याला खिट्टीसकट पूजेचा दोरा, चांगला घट्ट गुंडाळून! आपली पद्धतच ती. नमस्कार झाला, तशी बाईंनी कात्री काढली. कच्‌!

"अगो बाई! देवाचा दोरा तोडता?" आम्ही पोरी ओरडलो.

"त्याला वेळेवर धावून यायचंय ना? मग बांधून काय ठेवता, गं!"

दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या. कढईतल्या तेलाने पेट घेतला — भस्सकन! चुलीमागे कोपऱ्यात कोण अडकली? रेवती! स्वयंपाकीण शेवंताबाईंनी नळकांडं ओढलं, खिट्टी उपसली, दांडा दाबला — पांढऱ्या भुकटीचा लोट! आग विझली. रेवती बाहेर आली ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी!

दुसऱ्या दिवशी भालूशेठ दारात. हातात झेंडूची माळ, डोळे भरलेले.

"खंय घालू, बाईनू? त्या नळकांड्याक?"

"नको. ते आता रिकामं आहे. आधी भरून आणू."

शेठ रडता रडता हसले हो!

आता मंडळी, मागे वळून बघा. मंडपाच्या खांबाला एक लाल नळकांडं आहे. हार कुणी घातला? छान घातलाय! त्या हाराखालचा, आत दाब आहे की नाही ते दाखवणारा काटा कुणी पाहिला?… आत्ता माना हलवा की!

आरती लागेल, निरांजनं पेटतील, पोरंबाळं पुढे येतील. त्याआधी कुणीतरी उठा, हार बाजूला सारा, काटा बघा. तोवर मी टाळ धरून थांबते. देवही थांबेल.