आडाजवळचा शोषखड्डा

“मावशी, सांडपाणी खड्ड्यात मुरतं, आडात न्हाई जात!” ओव्हरसियर तिसऱ्यांदा ओरडला.

सत्तरच्या सालातली गोष्ट, टेंभुर्णीची. वरच्या गल्लीच्या सांडपाण्याचा शोषखड्डा आमच्या बौद्धवाड्यातल्या एकुलत्या एका आडाजवळ खणायचा घाट होता. शाळेत न जाता वाचायला शिकलेली मी. ओव्हरसियरचा कागद अक्षरन् अक्षर वाचला, तरी खड्डा अडवायची वाट त्यात सापडेना. माझी अंगठाबहाद्दर जाऊ कौसाबाई मात्र आखलेल्या रेघेवरच फतकल मारून बसली.

“घाण मातीतच गाळली जाते, बाई. सरपंच, सांगा की हिला!”

“बराबर बोलून राह्यले साहेब,” सरपंच म्हणाले.

कौसाबाई त्यांच्याकडं वळली. “मंग सरपंच, रंगपंचमीला तुम्ही वरच्या गल्लीत रंग खेळले, की दुसऱ्या दिवशी आमच्या आडाचं पाणी गुलाबी कसं निघतं?”