राखेतले चार दाणे

मंडळी, आधी आज सकाळचं सांगतो. युसूफभाईंच्या परसात लावलेल्या वाटाण्याच्या चार दाण्यांपैकी तीन सडले. मी स्वतः माती उकरून पाहिली. शकीलाभाभी पडद्याआड उभ्या होत्या. हातावरचे दाणे दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सडलेच. चौथ्याले आता हात नका लावू, भाऊ."

युसूफभाई गेल्यापासून भाभींची इद्दत सुरू आहे, नवऱ्यामागे घरातच राहायचे दिवस, म्हणून त्या या शोकसभेत नाहीत. त्यांच्या वतीनं मी बोलावं, असं ठरलं. तीस वर्षं रोज संध्याकाळी पेपरला बातमी वेळेत दिली. आज मात्र पहिलं वाक्य सुचायला दुपार गेली.

बाभुळगावात युसूफभाईंकडून ज्यानं सायकल दुरुस्त करून घेतली नाही, असा माणूस या सभेत नसेल. पण त्यांचा जीव दुकानामागच्या चार वाफ्यांत होता. मोडक्या रिमा एकावर एक तारेनं बांधायच्या आणि त्यांच्या स्पोकांवर वाटाण्याचे वेल चढवायचे. वाटाणा बारका, राखाडी. बाजारातल्याइतका गोडही नाही. पण आपल्याकडच्या उन्हात तो टिकायचा. त्यांच्या आईनं महागावहून, माहेरून आणलेलं ते बी. जो वेल बियासाठी ठेवायचा, त्याला ते जुन्या ट्यूबची पट्टी बांधायचे. पट्टी दिसली की गल्लीतली पोरंसुद्धा त्या शेंगेला हात लावत नसत.

दसरा झाला की ते घरोघरी मूठभर बी द्यायचे. अट एकच. "खा, पोटभर खा. पण एक वेल सोडजा."

आपण काय म्हणायचो? "हो, युसूफभाई."

कुणी सोडला एक तरी वेल? मी नाही सोडला. कोवळ्या शेंगा समोर दिसायच्या, आणि बी काय, युसूफभाईंकडे आहेच की. पुढच्या दसऱ्याला पुन्हा हात पसरायचा.

एकदा ते चाकाचा आऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढत बसले होते. मान वर न करता विचारलं, "पेपरवाले, औंदा बी ठेवलं का?"

मी म्हणालो, "ठेवलं."

"दाखवा बरं."

मी हसलो. तेही हसले. मग चाक थांबवून म्हणाले, "दोन जागी विचारल्याबिगर बातमी छापत नाही म्हणता तुम्ही. मंग बी एकाच घरी कायले ठेवता?"

मंडळी, मी उत्तर दिलं नाही. चाक पुन्हा फिरायला लागलं आणि मी घरी गेलो.

यंदा त्यांनी कीड लागू नये म्हणून राखेत ठेवलेल्या बियाचा डबा ऊन दाखवायला आढ्यावरून खाली काढला आणि ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते गेले. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. शेजारच्या कमलाबाई भल्या पहाटेपासून राबत होत्या. राळेगावहून माणसं आली, उसळ पुरेना. त्यांना ओट्यावर डबा दिसला.

कमलाबाई, तुम्ही मान खाली घालू नका. परवा तुम्ही मला म्हणालात, "मले वाटलं, खाचेच आहेत. राख होती त्याले, तीन पाण्यानं धुतले म्या." बरोबरच आहे. मयतीच्या घरी कुणाला विचारणार, हा डबा कशाचा म्हणून? ती उसळ आपण सगळ्यांनी खाल्ली. मी दोनदा घेतली. चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी भाभींनी रिकामा डबा पाहिला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बी होतं ते."

त्यानंतर मी गल्लीतलं एकूण एक घर विचारून आलो. युसूफभाईंच्या लेकीला राळेगावला फोन केला. ती म्हणाली, "अब्बा देतातच ना दरसाल, म्हणून नाही ठेवलं." सगळ्यांचं उत्तर हेच होतं. फक्त शब्द वेगळे.

डब्याच्या तळाशी उरलेल्या राखेत चार दाणे निघाले. कमलाबाईंनीच ते रिमांखाली लावले. लावून आठवडा झाला. तीन गेले, हे तुम्हाला सांगितलं.

चौथा उगवेल, असं मला वाटत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. युसूफभाईंना एकदा सांगितलं, तेवढं पुरे. युसूफभाईंच्या हयातीत आपण एक वेल सोडू शकलो असतो. आता सोडायला वेल नाही.

भाभींनी एक ट्यूबची पट्टी कापून रिमेला अडकवून ठेवली आहे. येत्या गुरुवारी दहा दिवस होतील. गुरुवारपर्यंत कोंब वर आला नाही, तर येणार नाही. त्या दिवशी भाभी ती पट्टी काढतील आणि वाफ्यात मेथी टाकतील. तसं त्यांनी मला सांगितलं आहे.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. बी एकाच घरी कायले ठेवता, असं त्यांनी विचारलं, तेव्हाही मी गप्पच होतो.