सुरक्षा सप्ताहाचं गाणं

—नाही गं, हेल्मेट-बिल्मेट घालूच नकोस गाण्यात. डोक्यावर घाल, गाण्यात नको. बस नीट, पिशवी मांडीवर घे, मोशीपर्यंत ही कंपनीची बस काही पळत नाही. स्वरूपा ना तू? पेंट शॉपला नवीन लागलीस ती? बरं केलंस मला विचारलंस. सुरक्षा सप्ताहात गाण्याची स्पर्धा म्हटली की सगळ्या बाया तेच लिहितात – हेल्मेट घाला, बूट घाला, मोजे घाला – आणि परीक्षक जांभया देतात. साहेबलोकांना काय लागतं सांगू? घरी वाट बघणारं माणूस. असं एक माणूस धर, दारात उभं कर, झालं! चाल सोपी ठेव, भोंडल्याच्या गाण्यासारखी, दुसऱ्यांदा ऐकताना बायांना सोबत म्हणता आली पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं – स्पर्धेआधी कुणाला ऐकवू नकोस. कुणाला म्हणजे कुणालाच. शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीला तर मुळीच नाही.

का म्हणजे? ती बघ, पुढं, ड्रायव्हरच्या मागं, हिरव्या ओढणीची – दिपाली. तू बसलीस ना, ती तिची जागा. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खायची आणि माझ्याच खांद्यावर डोकं टाकून झोपायची. आणि गेल्या मार्चमध्ये स्टेजवर जाऊन माझं गाणं म्हणाली! शब्द माझे, चाल माझी, बक्षिसाचा प्रेशर कुकर तिला. आता रोज शिफ्ट सुरू होताना शेडमध्ये लावतात, ऐकलंस ना – ‘हात जप गं बाई, दोन्ही हात जप, लेकरू म्हणतं मावशी, आई बसे गप.’ तिचंच वाटलं ना तुला? सगळ्यांनाच वाटतं. शेवटच्या ओळीला तर अडकलीच, शब्द फुटेना – चोरलेलं पचतंय होय? – तर याच बसमधल्या बाया उठल्या आणि त्यांनी ओळ पुरी केली. माहीत होतं त्यांना गाणं कुणाचं ते! एकीनं तरी सांगावं परीक्षकांना? त्या पलीकडच्या सीटवरच्या सुमनताई, त्या तर नुसत्या डोळे पुसत बसल्या. आणि मी – मी टाळ्या वाजवल्या. काय करणार, सगळ्या वाजवत होत्या.

त्यांना कसं माहीत? मीच म्हणून दाखवलं होतं ना, या बसमध्ये, मोठ्यांदा. बायांना चाल धरता येते का बघायला. होती की दिपाली. इथंच होती, शेजारी. गप्पच बसली, मला वाटलं आवडलं.

आता ते लेकरू – तुला म्हणून सांगते हं – ते तिचंच. गावाला आईकडं ठेवलंय, माजलगावकडं. दिवाळीला गेली तर हिलाच मावशी म्हणालं. माझ्याजवळ रडली, म्हणाली, ‘कुणाला बोलू नका ताई.’ बोलले का मी? नाव आहे का गाण्यात कुठं? बायांनी विचारलं, कुणाचं गं हे लेकरू, तर मी तोंडसुद्धा उघडलं नाही. नुसतं तिच्याकडं बघितलं. बघायचं पण नाही का माणसानं? आणि मी तरी काय करू – माझी पोरं मी घरी गेले तरी मोबाइलमधून मान वर करत नाहीत. वाट बघणारं माणूस मी आणायचं कुठून?

बक्षीस घेऊन निघाली तेव्हा गेटवर गाठलं तिला. म्हटलं, लाज नाही वाटली? तर म्हणते, ‘शब्द तुमचे असतील कस्तुराताई, पोरगं माझंय.’ असं बोलतं का कुणी? ज्या खांद्यावर झोपली त्या खांद्याला? तेव्हापासून पुढंच बसते. आणि या बाकीच्या – ही सीट रिकामी असली तरी उभ्या राहतात, इथं बसत नाहीत.

जाऊ दे. तुझं बोल. यंदा आपण दोघी मिळून लिहू, चांगलं काळजाला हात घालणारं. तुझ्या घरी कोण वाट बघतं गं? काल स्टॉपवर फोनवर बोलताना डोळे भरले होते तुझे, बघितलं मी. आई होती ना? काय झालंय आईला? सांग की, मी काय कुणाला – अगं, पिशवी का उचललीस? मोशीसुद्धा आली नाही अजून. पुढं जागा नाही, उभी राहशील चाकणपर्यंत –

बघा. सरकून जागा दिली लगेच दिपालीनं.

जा बाई, बस तिच्याजवळ. आणि हेल्मेटचंच लिही!